दुसरीकडून

नकालाच्या बंदराबाहेर
आम्ही गलबत धरलं तेव्हा ओहोटी होती.
एकेचाळीस पोती. वर तांदूळ,
आत कॉफीच्या पाकिटांत ती भुरकट पूड.
सुआलेहे म्हणाला, 'लुर्देश, मोज.'
मी मोजलं.
तो पंचनामा सांगत गेला, मी लिहीत गेले,
अकरा वर्षं असंच.

खबर आबाकारची होती.
वय एकोणीस, नाखव्याचा हरकाम्या,
बोलताना कानाची पाळी ओढायचा.
त्याचं नाव कागदावर कुठंच नव्हतं,
दोघांच्या डोक्यात होतं फक्त.
नवव्या दिवशी भरतीनं त्याला
तिवरांच्या मुळांत आणून ठेवलं.
त्याच्या आईनं काही विचारलं नाही.
इतक्या लांबून आलात म्हणून
मूठभर भाजलेले काजू दिले तिनं.
मी ते खाल्ले. काय करणार होते?

दोघांच्या डोक्यात होतं,
त्यातलं एक डोकं माझं.
हा हिशेब शाळकरी पोरालाही येईल.
मी मात्र तो बारा दिवस चुकवत राहिले:
वायरलेस ऐकला असेल कुणी,
प्यायल्यावर पोरगाच बरळला असेल,
वगैरे.

मग मुद्देमालाची कोठी.
जनरेटर बंद. बॅटरीच्या उजेडात
पोतं क्रमांक सतरा.
वजन बरोबर. लाखेची मोहोर बरोबर.
तळाची शिवण उसवली, तर पाकिटंही बरोबर,
आणि पाकिटांत कसाव्याचं पीठ.
तोंडावरची गाठ तेवढी
आमच्या शिपायांची नव्हती.
अंगोशेकडचे जाळी विणणारे मारतात, ती.
पण डावरी,
आणि शेवटी एक जास्तीचा वेढा,
विंचमध्ये अंगठा गमावलेल्या माणसाला
घ्यावाच लागतो तसा.
गाठ कुणाशी आहे, ते मला असं कळलं.

घरी गेले. दिवा लावला नाही.
इनेस झाली त्या आठवड्यात हिवतापाची साथ होती,
तेव्हा स्टुलावर चढून
त्यानं मच्छरदाणी बांधून दिली होती आढ्याला.
पोर सात वर्षांची झाली.
जाळी तीनदा बदलली, दोरी तीच;
ती गाठ मला कधी सुटलीच नाही.
खाली उभी राहून वर बघत राहिले.
इनेसनं झोपेत कूस बदलली.

सकाळी त्याला कोठीत बोलावलं.
तो दोन कप चहा घेऊन आला,
माझ्या कपात साखर जास्त, नेहमीसारखी.
मध्ये पोतं.
मी काही बोलले नाही. वाकले,
आणि नखांनी गाठ सोडवू लागले,
नवख्या पोरीसारखी, मुद्दाम.
पहिल्या केसला मी अशीच चुकले होते
आणि त्यानं हातावर चापट मारली होती.

धक्क्यावर क्रेनचा भोंगा वाजला, थांबला.
चहा निवला.
एक पीळ सैल झाला. दुसरा.
तो बघत होता.
मी शेवटचा वेढा ओढायला धरला, तेव्हा

'सोडू नकोस,' तो म्हणाला, अगदी हळू.
'दुसरीकडून काप.
गाठ शाबूत राहायला हवी.'

आणि टेबलावरची कात्री
त्यानंच उचलून दिली,
मूठ माझ्याकडे करून.