टाकी

रातपाळी सुटली तरी कानात माग चालूच.
विट्यात घरी आलं की पहिला अर्धा तास
मी माणसं ओठांवरून वाचतो.

दारात पोतं टाकून एक म्हातारा,
पुढ्यात आमचा पाटा, हातात छिन्नी.
घरात मिक्सर आहे, हप्ते अजून फिटायचेत,
तरी रेणव्वानं पाटा ओढत बाहेर काढलेला.

मी कसा ओळखणार?
अकरा वर्षांपूर्वी पंचांनी तिचं नाव टाकलं,
तेव्हा जतच्या स्टँडवर
मी त्याची नुसती पाठ पाहिली होती.

पाटा झाला. त्यानं वरवंटा उचलला.
पळून येताना कुणी डोरलं आणतं, कुणी पैसे.
ही लुगड्यात दगड बांधून आली,
आणि रात्रभर एसटीत तो माझ्या मांडीवर ठेवून
खुशाल झोपली.

तळहातावर त्यानं तो फिरवला. पुन्हा फिरवला.
"कुणी घडीवलाय?"
"ठावं न्हाई. जुना हाय."
"दगूड बरा हाय. घडवणारा हेकट आसंल."
"हाय का अजून त्यो?"
"हाय. एका डोळ्यानं दिसत न्हाई."

"किती झाले?" मी खिशात हात घातला.
दोघांनी माझ्याकडं असं बघितलं
की हात तिथंच राहिला.

त्यानं पाणी मागितलं.
तिच्या हातचं. तांब्यातून.
वरून ओतून नाही,
तोंड लावून.

नव्या टाकीची चटणी दोन दिवस कचकचते.
रात्री आम्ही ती खाल्ली,
दाताखाली खडे आले तरी
थुंकलं कुणीच नाही.