कूलर बंद, तीन मिनिटं

नियम असे होते: फिल्म तीन मिनिटांची,
सगळी सार्वजनिक वाचनालयातच घेतलेली,
मोबाइल चालेल, उसनं संगीत चालणार नाही.
शेवटची तारीख रविवार.
त्या दिवशी गुरुवार होता, आणि पारा चव्वेचाळीसवर.

माझ्या डोक्यात एक भूत होतं.
लोकांनी अर्धवट सोडलेली पुस्तकं
ते रात्री येऊन पुरी वाचतं,
आणि सकाळी शेवटच्या पानावर घामाचं बोट सापडतं.
भूत म्हणून हेडाऊ काका ठरले,
तीस वर्षं पुस्तकांना खळ नि पुठ्ठा लावणारे.
चादर घरून घेऊन आले, इस्त्री करून.

इतवारीत, भांड्यांच्या दुकानाशेजारचा जिना,
वर आमचं वाचनालय:
बारा टेबलं, काठीला अडकवलेले पेपर,
आणि खिडकीत तो, निळा, पत्र्याचा,
वास वाळ्याचा, आवाज ट्रकचा.

रोशनीनं पहिला शॉट ऐकवला.
काका ओठ हलवतात,
बोलतो कूलर.

"बंद करा ना मॅडम, तीनच मिनिटं."
डेकाटे मॅडमनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं,
मग हॉलला.
एकेचाळीस पोरंपोरी.
तलाठी, वनरक्षक, पोलीस भरती.
सकाळी सातला पिशवी ठेवून जागा धरणारी,
जिन्यात डबा खाणारी,
उत्तरतालिका, आक्षेप, पुढे ढकललेली तारीख
हीच ज्यांची बोली.
"त्यांनाच विचार," मॅडम म्हणाल्या.

विचारलं. आवाज फाटला मधेच.
कोपऱ्यातला प्रज्योत, गडचिरोलीकडचा,
नकाशातून मान वर न काढता म्हणाला,
"काहून? पिच्चरमदी आमी दिसू का?"
दिसाल.
"मंग कर बंद. तीन म्हंजे तीनच पण."

बटण. खट्ट.
पाती थांबेपर्यंत एक लांब सुस्कारा.
मग जे ऐकू आलं ते माझ्या कागदावर नव्हतं:
पेनं.
ओल्या बोटाला चिकटून सुटणारं पान.
कुणीतरी ओठातल्या ओठात, कलम दोनशे त्रेचाळीस,
परत कलम दोनशे त्रेचाळीस.
खाली दुकानात एक पितळी ताट पडलं
आणि गरगरत गरगरत
फार उशिरा गप्प झालं.
एका मुलीच्या कानशिलावरून थेंब निघाला,
हनुवटीशी थांबला.
तिनं पुसला नाही.
शॉट बिघडेल म्हणून, की गणित सुटत आलं होतं म्हणून,
मी अजून विचारलेलं नाही.

काका चादर काखेत धरून उभे.
त्यांनी वळायचं होतं, "कोण आहे?" म्हणायचं होतं.
विसरले.
टेबलावरच्या कुठल्याशा पुस्तकाचा निघालेला कोपरा
अंगठ्यानं दाबत राहिले, सवयीनं,
खळ वाळेपर्यंत दाबतात तसा.
रोशनीनं कट म्हटलंच नाही.

चार मिनिटं दहा सेकंद झाली.
प्रज्योतनं मनगटावरचं घड्याळ वर करून दाखवलं,
तोंडानं काही बोलला नाही.

रात्री कापायला बसले तेव्हा
आधी भूत कापलं.
काका दोन दिवस रुसले.
चादर उगाच मळली म्हणाले.

फॉर्म शनिवारी भरला.
शीर्षक. कालावधी. वाचनालयाचा पत्ता.
कलाकारांच्या नावांना पाच ओळी.
मी हॉलमध्ये वहीचं एक पान फिरवलं होतं,
त्यावर एकेचाळीस नावं,
आडनाव आधी, वडिलांचं नाव शेवटी,
कुणी कुणी तर बैठक क्रमांकसुद्धा टाकलेला.
पाच ओळींत कोण बसवणार?
पानाचा फोटो काढला, जोडला, पाठवला.

सोमवारी सांगितलं, निवड यादी पुढच्या महिन्यात लागेल.
कूलर जोरात होता, दोनदा सांगावं लागलं.
एकेचाळीस माना वर.
प्रज्योतनं वहीत काहीतरी टिपून घेतलं,
मग अगदी गंभीरपणे विचारलं,
"अन् आक्षेप नोंदवाची तारीख कोणती हाय जी?"