शूऽ

मेव्हण्यानं बारशाला डायपरचं पाकीट आणलं,
आठ दिवसांत संपलं,
मागे राहिलं मांड्यांवरचं लालभडक घामोळं.
एप्रिलच्या सोलापुरात आपल्याच अंगाला बनियन टोचतो,
तिला प्लास्टिक कुठून नेसवू?

लंगोट वापरावेत, तर नळ पाचव्या दिवशी.

शेजारची राजव्वा मांडीवरच्या सुपातून मान वर न करता म्हणाली,
पोर सांगतंय की रे.
तुला ऐकू येत नाही.

साडेतीन महिन्यांची. काय सांगणार ती?

मी रात्रपाळीचा. चार माग, मी एकटा.
धागा तुटायच्या आधी
धोट्याचा आवाज नखभर बदलतो,
ते मला पाठमोऱ्यालाही कळतं.
मग झालं की, राजव्वा म्हणाली,
आणि कात्रीनं पान कापलं.

पद्मजा हजार विडी मोजून द्यायला गेली
की घरात वेनेला आणि मी.
तिला बघत बसतो, मागाकडे बघावं तसं.
हातपाय झाडत असते,
पत्र्यावरच्या उजेडाशी काहीबाही बोलते,
आणि मधेच थांबते.
नजर एका जागी. खालचा ओठ आत.
आत्ता.

मोरीत पाटावर बसून पाय पसरायचे,
पावलांमधे बोटभर फट,
त्यावर ती, पाठ माझ्या नडग्यांना.
दातांमधून
शूऽऽऽ

पहिले चार दिवस नुसती हसली.
उचलून खांद्यावर घेतली की लगेच
माझा शर्ट.
पाचव्या दिवशी माझ्या घोट्यांवरून
कोमट, बारीक धार
मोरीच्या फरशीवर.
मी कुणाला सांगणार? दुपारचे तीन. गल्ली झोपलेली.
भिंतीपलीकडे ओरडून सांगितलं.
राजव्वा म्हणाली, झोपू दे रे.

कारखान्यात गंगाधर विचारतो, दिवसा काय करतोस?
ऐकतो, म्हणतो मी.
तो समजतो, रेडिओ.

रोज जमतं असं नाही.
दात येताना सगळं विसरली.
मामाच्या लग्नात पद्मजाच्या नव्या इरकलीवर
भर मांडवात.
रागावून काय उपयोग?
तिनं सांगितलं होतं,
बँडमधे मीच चुकलो.

आणि परवा सुट्टीची रात्र,
अडीच वाजता नळ आला.
आमच्याकडे पाण्याआधी हवा येते,
पाच दिवसांची कोंडलेली, तोटीतून
शूऽऽऽऽऽ
वेनेला माझ्या छातीवर झोपलेली.
डोळेसुद्धा न उघडता तिनं हुकूम पाळला.

पद्मजा हंडा सोडून हसत सुटली,
हंडा भरून वाहिला,
तेवढं पाणी वाया गेलं म्हणून दोघंही गप्प झालो,
पुन्हा हसलो.
मी तसाच पडून, बनियन ओला,
पोटावरून गार होत जाणारं.

सकाळी राजव्वाला विचारलं,
आता नळ वाजला की हिचं असंच होणार काय?

तिनं विडीला दोरा बांधला.
दातानं तोडला.
नळ रोज वाजायला लागला, म्हणाली,
की बघू.