नदीची लांबी

एकतीस वर्षं मी फेरीबोटीवर दोर टाकला.
शिरोडा ते राय, राय ते शिरोडा.
मोजलं तर पृथ्वीला दोन फेरे होतील,
पण झुआरी मला फक्त आडवी ठाऊक.
वरच्या वळणामागे काय आहे, असं
एखाद्या स्कूटरवाल्याने विचारलं तर
मी म्हणायचो, नदी.

निवृत्तीच्या पैशांतले दोन लाख बाजूला काढले.
शेवंतीला सांगितलं, छप्पर असलेली होडी हवी,
आत झोपता येईल,
आणि चाकांवर घालून घरी आणता येईल अशी.
ती म्हणाली, म्हणजे बैलगाडी.

शापोऱ्याची पाहिली. देखणी, सव्वीस फुटी.
ओढायला ट्रक लागला असता
आणि विकत घ्यायला आणखी एक जन्म.
बेतीची स्वस्त होती. तळाला बोट लावलं,
चहात बुडवलेल्या पावात जावं तसं आत गेलं.
मालक म्हणाला, रंग दिला की कळत नाही.
खरंच, कुणाला कळलं नसतं.
पाण्याला कळलं असतं.

मग रासईं. केरुबिन बार्रेटोच्या माडांखाली
सोळा फुटांची. काचेवर कोळ्याचं जाळं,
ट्रेलरचं एक चाक मातीत रुतलेलं,
पुढच्या टोकाला खरवडलेली अक्षरं.
नावेलाच नाव नाही.
दोन लाख साठ, तो म्हणाला, ट्रेलर धरून.

फट्टू मिस्त्रीने खिशातून जुना रुपया काढला
आणि बाजारात नारळ पारखावा तशी
कूस ठोकत निघाला.
टण. टण. टण. टण. ठप.
थांबला. मागे आला. ठप.
बोलला काही नाही. खडूने गोल काढला,
पुढे गेला.
केरुबिन टोपी काढत होता, घालत होता.
सात गोल झाले. फट्टूने हात झटकले.
एकेका भोकाचे दहा हजार कमी.
भोक नव्हे रे, केरुबिन म्हणाला, ओलीची सावली आहे ती.
बरं, फट्टू म्हणाला, सावलीचे दहा.

इंजिन पाण्याच्या पिंपात सोडून दोरी ओढली.
खोकलं, काळं थुंकलं,
आणि मग बोलायलाच लागलं,
वर्षभर ज्याला कुणी हाक मारली नाही
त्या माणसासारखं. थांबेचना.

शेवंती कुठे आहे?
शिडीशी तिच्या चपला. केबिनचं दार ओढलेलं.
आम्ही तिघे खाली उभे, हिशेब अर्धवट.
बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, केसांत जाळं,
म्हणाली, पाय पुरतात.

पैसे मोजून दिले. केरुबिनने त्यातली
एक शंभराची नोट होडीच्या फळीला लावून मला परत दिली.
का, ते मी विचारलं नाही.

भाच्याच्या बोलेरोमागे ती निघाली,
पंख्याला लाल फडकं बांधून.
बोरीच्या पुलावर भाच्याने वेग कमी केला.
खाली काळोखात झुआरी, दूर एखादा दिवा.
इतकी वर्षं नदीत काढलेली होडी
पहिल्यांदाच नदीवरून चालली होती,
आणि मी मागे वळून बघत होतो,
घाबरली तर नाही ना.

घरी पोहोचलो रात्री साडेदहाला.
फाटक सात फूट. होडी सात फूट चार इंच.
मी तिची लांबी मोजली होती, उंची मोजली होती,
तळ, इंजिन, पट्टे, टायरची नक्षी.
फाटक माझंच होतं, ते कोण मोजतं?
शेवंती हसली नाही. हे तिचे उपकार.
चाकांना चिरे लावले आणि कंदील घेऊन
आम्ही दोघं रस्त्यावरच वर चढलो.

पाय पुरत होते. डोकं किंचित आपटत होतं.
फळीला डिझेल आणि सुक्या बांगड्याचा वास.
पहाटे कधीतरी खनिजाचा ट्रक गेला,
आणि होडी हलली. एकदा. पुन्हा एकदा.
झोपेतच तिने कडा धरली,
भरती आली काय?
ट्रक गो, मी म्हटलं. नीज.
उद्या खांब पाडायचा आहे.