तुंब्याची पारख

भोपळा हातात आला की मला कळतं.
पेरानं एकदा टकटक केलं
की आत कुठं ओल धरलीय, कुठं कीड,
मिरजेत आमच्या गल्लीत हे कुणाला सांगावं लागत नाही.

तहसीनची पाठ मात्र कळली नाही.

सोमवारी म्हणाली, दुखतंय.
लंगडी खेळताना पडली होती,
आम्ही म्हटलं, लचक.
एरंडेल कोमट करून मीच चोळली,
लाकडावर चपडा घासतात तशी, जोर लावून.
ओरडली. म्हटलं, कळ काढ जरा.

गुरुवारी ताप एकशे तीन.
चपलेचा पट्टा लावायला वाकता येईना.
वरून कातडी साफ,
ना लाली, ना फोड.

सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरीणबाईंनी दाखवलं :
मणक्याच्या शेजारी, स्नायूच्या आत,
एक काळी जागा.
"पू आहे. जंतू रक्तातून येतात.
गुडघ्यावरची ती खपली बघा, तिथूनही शिरले असतील."
खपली.
खाजवू नको, एवढंच म्हणालो होतो मी.

पन्नास मिली निघाला.
बाटली मी बघितली,
तिच्या आईला बघू दिली नाही.

आता नळी काढलीय,
सुईतून औषध अजून आठवडाभर.
दुपारी डबा घेऊन जातो
तर ही पालथी, उशीत गाल रुतवून.
"अब्बा, वाजवून बघा ना,
झाली का रिकामी?"

बोट पाठीपर्यंत जातं.
वाजवत नाही.
पट्टीच्या कडेला नुसतं टेकवून बसतो,
भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत.