हजार झाल्या की सांगते

शुक्रवारी शेवटच्या तासाला मी डबा उघडते.
शेंगाचटणीचा डबा आहे, तीनदा घासूनही
लसणाचा वास गेला नाही त्याचा,
त्यामुळे आमच्या वर्गातले सगळे मोठे प्रश्न
थोडे तिखट लागतात.

नियम एकच: उत्तर पुस्तकात असेल
तर चिठ्ठी टाकायची नाही.

मल्लिनाथने विचारलं होतं,
शून्याला कळतं का आपण शून्य आहोत ते.
तबस्सुमने, मी जन्मायच्या आधी
आमच्या खोलीत माझ्या जागेवर कोण झोपायचं.
एकाने, नाव न घालता,
देवाला कन्नड कळतं की तेलुगू.
त्यावर अर्धा तास भांडण, तिन्ही भाषांत,
आणि घंटा झाली तेव्हा देव बिचारा
अजून दारातच उभा होता, चपला काढत.

मजा यायची.
डी.एड.ला शिकवलं होतं, मुलांना बोलतं करा.
बोलती झाल्यावर काय करायचं
तो धडा परीक्षेला नव्हता.

मार्चमधली दुपार. वर पत्रा तडतडत होता.
नळ पाचव्या दिवशी आलेला, म्हणून निम्मा वर्ग
घागरी भरायला घरीच.
वहीच्या मागच्या पानाची चिठ्ठी, अक्षर
भाग्यलक्ष्मी येमूलचं, लगेच ओळखू येतं,
'र'ला ती उगाच शेपूट काढते:

*विडीच्या पुड्यावर एका माणसाचा फोटो असतो,
गळा सडलेला.
तो माझ्या आईमुळे मेला का?*

पंखा तेवढा बोलत राहिला. त्याला काय.

मग अंबादास: ए, काय विचारलालीस बे,
माझी आई पण वळते, सगळ्यांच्याच वळतात.
शिवलीला: ओढणाऱ्याची चूक. त्याला कुणी सांगितलं ओढ म्हणून?
तबस्सुम: विकणाऱ्याची.
पान तोडणाऱ्याची, मागून कुणीतरी.
जंगल तर आमच्यापैकी कुणी बघितलेलंही नाही.
मल्लिनाथ म्हणाला, मग झाडाची?
कुणी हसलं नाही.

श्रीनिवास, जो कधीच बोलत नाही,
ज्याच्या बोटाला कायम दोऱ्याचा बारीक चरा,
उभा राहिला.
बाई, दोरा मी बांधतो.
शाळेतून गेल्यावर. दोनशे.
एवढंच. बसला.

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं.
पोट, म्हणायला हवं होतं, मजुरी, कारखानदार,
सोपे शब्द आहेत, सांगितले की रांगेत उभे राहतात.
पण माझ्या जिभेवर माझे वडील आले,
मिलच्या भोंग्याआधी उठून
उकिडवे बसून पहिली विडी पेटवणारे,
त्यांचा तो पहाटेचा खोकला,
ज्याला आम्ही घड्याळ म्हणायचो,
आणि बंडल आणायला मीच जायची
कोपऱ्यावरच्या दुकानात, लंगडी घालत,
उरलेल्या पैशांची गोळी मला.
लिंबाची असायची.

हे मी वर्गाला सांगितलं.
सांगायचं नव्हतं.
भाग्यलक्ष्मीने विचारलं, मग बाई, ते तुमच्यामुळे?
मी म्हणाले, माहीत नाही गं.
हातातला खडू मोडला वगैरे काही नाही.
मी फक्त खुर्चीवर बसले,
आणि घंटा झाली तरी
मुलं उठली नाहीत.

प्रश्न फळ्यावर तसाच राहिला.
शनिवारी सकाळी शिपाईमावशींनी
वरची तारीख पुसली, सुविचार पुसला,
खाली हात लावला नाही.
त्यांचीही संध्याकाळ मांडीवरच्या सुपातच जाते.

भाग्यलक्ष्मी सगळ्यांच्या आधी आली.
बाई, मी आईलाच विचारलं.
मग?
मान वर न करता म्हणाली,
हजार झाल्या की सांगते.
मग?

दप्तर बाकावर ठेवत,
रिबीन दातात धरून वेणी घट्ट करत ती म्हणाली,
झाल्या हजार.
तिथंच झोपली ती, बाई,
कात्री हातातच होती.
मी काढून घेतली.