डावा बूट

बोग्नाने यादी औषधाच्या पावतीमागे लिहिली होती,
फळ्यावर लिहायची तशी, आकडे घालून, वेळा घालून.
साडेआठ : स्टेशन, निळ्या फरशा.
सव्वानऊ : मनोरा, सव्वादोनशे पायऱ्या.
बाजूला बारीक अक्षरात : गुडघा?
पोर्तोत आमच्याकडे एकच अख्खा दिवस,
आणि माझी बहीण शहरं बघत नाही,
उरकते.

स्टेशनात भिंतभर निळे घोडे, निळी लढाई,
खाली लोक कामाला निघालेले, मान वर न करता.
मी एका घोड्याच्या डोळ्यापर्यंत पोचले होते
तेवढ्यात बाही ओढली गेली.

मनोऱ्यावर वारा, आणि जो तो दुसऱ्याच्या फोटोत.
ते बघ, बोग्ना म्हणाली, ते बघ, आणि ते.
मी तिन्हीकडे पाहिलं. कौलंच कौलं.
उतरताना माझ्या गुडघ्याने पायऱ्या मोजल्या,
एकही न गाळता.

मग नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, अकरा चाळीसला,
माझ्या डाव्या बुटाने आ वासला.
तळ सुटून लोंबू लागला, पाऊल टाकलं की फटक्, फटक्.
बोग्नाने घड्याळ पाहिलं, बूट पाहिला, मला पाहिलं,
याच क्रमाने.

जिन्याखालच्या खोपटात अडेलीनू नावाचा म्हातारा.
त्याने बूट नाकाशी नेला (मी मेल्याहून मेली),
कोंबडीच्या पोटात घालावा तसा आत हात घातला,
सोल्युशन लावलं, पकडीत आवळलं
आणि एक बोट वर केलं.
एक युरो?
नाही. एक तास.

बोग्नाकडे तास नव्हता.
पुलावर भेट, ती म्हणाली, वरच्या मजल्यावर, खालच्या नाही.
आणि तिची टोपी वळणापलीकडे गेली.

मी स्टुलावर. एका पायात बूट, एका पायात मोजा,
मोज्याला अंगठ्याशी भोक.
समोर तिसऱ्या मजल्यावरून फेलिश्मीनाने बादली सोडली
(नाव कळलं, कारण सगळी गल्ली तेच ओरडत होती).
पोराने पाव टाकले, बादली वर गेली, आणि भांडण सुरू.
ती म्हणे तीन. तो म्हणे चार.
अडेलीनूने दाभण माझ्याकडे रोखलं : हिला विचारा.
मी तीन बोटं दाखवली.
पोराने चौथा पाव काढून दिला, माझ्याकडे न बघता.
साठ वर्षांत माझ्या शब्दावर
इतक्या झटकन काही झालेलं मला आठवत नाही.

नंतर पिवळ्या छत्रीमागून वीसेक माणसं आली.
एक जण गुडघ्यावर बसला, फोटो काढला :
म्हातारा, बुटांची रास, मोज्यातली बाई.
अडेलीनूने कॉलर नीट केली, मी अंगठा आत ओढला.
कुणाच्या तरी फोनमध्ये आता मी इथलीच.

आमच्या गावाचं नाव वूच. वूच म्हणजे होडी.
नद्या तिथे रस्त्याखालून, नळातून वाहतात,
होडी उरली ती नावात.
इथे दोन घरांच्या फटीत हातभर नदी दिसत होती.
तीत एक होडी आली. फट ओलांडायला तिला नऊ सेकंद लागले.
मी दुसरीची वाट पाहत बसले.
तास कधीच उलटून गेला होता.

रात्री खोलीत बोग्नाचे पाय टबात,
पावतीवर अकरा खुणा, फोनमध्ये तीनशे बारा फोटो.
ती दाखवत गेली, मी हो हो म्हणत गेले.
एक दहाच्या फोटोत पूल.
त्यापुढचा थेट एक पंचावन्नचा,
त्यात मी, लांबून, लंगडत येताना.
मधे काहीच नाही? मी विचारलं.
काय काढणार, ती म्हणाली, रस्ता बघत होते.

मग पाय पुसता पुसता :
किती घेतले त्याने?
चार युरो.
महागच, बोग्ना म्हणाली,
आणि बूट उचलून, तळ दोन्ही हातांनी
ओढून पाहिला.